टॉप लेव्हल नसलेले जिने

रेव्हिटमध्ये जिना काढायला घेतला की ते सॉफ्टवेअर दोन गोष्टी आधीच धरून चालतं. जिना एका मजल्यावरून निघतो आणि दुसऱ्या मजल्यावर पोचतो. पहिल्याला ते बेस लेव्हल म्हणतं, दुसऱ्याला टॉप लेव्हल. समजा दोन्हींमधलं अंतर ३,०४८ मिलिमीटर आहे, म्हणजे आपले दहा फूट. सोबत तयार मिळणाऱ्या प्रकारांतला एक आपण निवडला : कमाल १९० मिलिमीटर उंचीची पायरी आणि पाऊल ठेवायला २५० मिलिमीटर जागा. सॉफ्टवेअर तत्क्षणी भागाकार करतं आणि सांगतं की १७ उंच्या लागतील, प्रत्येकी साधारण १७९ मिलिमीटर. मग माउसच्या दोन-तीन क्लिक करायच्या. हिरवी खूण दाबली की जिना तयार, आणि न मागता दोन्ही बाजूंना रेलिंगही.

धाराशिवात नकाशे आणि थ्रीडी काढून देणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे हे मी शेकडो वेळा केलंय. या साधनाबद्दल माझी एक तक्रार आहे. पण आधी त्याचं देणं मान्य करतो, कारण ‘यंत्राला काय कळतंय, आपल्या गवंड्याला सगळं कळतं’ हा सूर मला खोटा वाटतो. गवंड्यालाही सगळं कळत नाही.

उदाहरण अगदी साधं आहे. आपल्याकडे स्लॅबबरोबर जिना ओतला जातो. सेंट्रिंगवाला फळ्या ठोकताना सगळ्या पायऱ्या सहा-सहा इंचांच्या धरतो. काही महिन्यांनी फरशी येते. खोलीत खालचा थर आणि वरची टाइल मिळून अडीच इंच चढतात, पायरीवर मात्र ग्रॅनाइट आणि त्याखालचा मसाला मिळून एखादाच इंच. आता हिशोब करा. खालच्या खोलीची जमीन अडीच इंच वर आली, पहिली पायरी एकच इंच वर आली, म्हणजे पहिली चढण साडेचार इंचांची उरली. वरच्या टोकाला नेमकं उलट : शेवटची चढण साडेसात इंचांची. मधल्या सगळ्या सहाच्या. रात्री लाईट गेल्यावर ज्या घरात सगळे शेवटच्या पायरीला ठेचकाळतात, तिथे बहुधा हेच झालेलं असतं. लोक म्हणतात, घर लाभलं नाही.

आपले पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकून घेतात आणि पुढे न बघता चढतात. एखाद्या पायरीने दगा दिला तर माणूस पडतो. जॉन टेम्पलर नावाच्या अभ्यासकाने १९९२ साली जिन्यांवर दोन खंड लिहिले, त्यांतला आख्खा दुसरा खंड माणसं जिन्यावरून कशी पडतात आणि ती पडू नयेत म्हणून जिना कसा असावा यावर आहे. रेव्हिट एका जिन्यातल्या सगळ्या उंच्या सारख्याच ठेवतं, आणि लेव्हल तयार फरशीची धरली तर फरशीचा हिशोबही पोटात घेतं. एक पायरी चार इंचांची आणि दुसरी सात इंचांची करायची म्हटली तर ते सरळ नकार देतं. हा हट्ट मला मान्य आहे. उद्या माझ्या हातात असतं तर मी गावातल्या प्रत्येक सेंट्रिंगवाल्याला हा हट्ट शिकवला असता.

तक्रार सुरू होते ती ‘कमाल’ या शब्दापासून.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या घराच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाऊल ठेवायची जागा कमीत कमी २५० मिलिमीटर असावी असं सांगितलंय. या मर्यादा आहेत. याच्या पलीकडे जाऊ नका, एवढाच त्यांचा अर्थ. पण सॉफ्टवेअर या मर्यादेने भागाकार करतं आणि ती न ओलांडता कमीत कमी किती पायऱ्यांत भागेल तो आकडा पुढे ठेवतं. म्हणजे मर्यादा हेच उद्दिष्ट होऊन बसतं. दहा फुटांना १७ उंच्या आल्या त्या योगायोगाने. मजला फक्त ८ मिलिमीटरने कमी करा, ३,०४० करा, की बरोबर १६ उंच्या येतात, प्रत्येकी पूर्ण १९० मिलिमीटरची. आठ मिलिमीटर म्हणजे करंगळीएवढीसुद्धा जाडी नाही, आणि तेवढ्यावर आजीच्या गुडघ्याला प्रत्येक पायरीमागे एक सेंटिमीटर जास्त. पायऱ्यांची संख्या हाताने वाढवता येते. वीस लिहिलं की १५२ मिलिमीटरची, म्हणजे आपली सहा इंची पायरी मिळते. पण त्यासाठी तो आकडा बदलायची गरज आहे हे आधी सुचावं लागतं. जे समोर येतं ते बहुतेक जण घेतात.

(जाता जाता : याच संहितेत घर सोडून इतर इमारतींसाठी पायरीची कमाल उंची १५० मिलिमीटर आहे. बँकेत वर्षातून चारदा जाणाऱ्या माणसाला ठेंगणी पायरी, आणि घरात दिवसातून दहा वेळा गच्चीवर जाणाऱ्या बाईला उंच. यामागे घर लहान असतं, जागा नसते हे कारण असणार. तरी वाचताना खटकतं.)

आमच्याकडचा जुना मिस्त्री दहा फुटांसाठी वीस उंच्या धरतो, सहा इंचांच्या, आणि पाऊल ठेवायला दहा इंच. दहा-दहाचे दोन टप्पे, मध्ये वळण. कॅल्क्युलेटर लागत नाही. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फ्रान्स्वा ब्लॉंदेल या वास्तुकाराने एक सूत्र मांडलं होतं : दोन उंच्या आणि एक रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका सहज पावलाएवढी, म्हणजे साधारण चोवीस इंच यावी. आज जगभरात हेच सूत्र थोड्याफार फरकाने चालतं, रेव्हिटच्या गणिताच्या खिडकीतही ते भरायची सोय आहे. मिस्त्रीचा जिना या सूत्रात बसत नाही. दोन उंच्या बारा, रुंदी दहा, बेरीज बावीस. माझ्या मते उंचीच्या बाबतीत मिस्त्री बरोबर आहे आणि रुंदीच्या बाबतीत ब्लॉंदेल. दहा इंचांच्या पायरीवरून उतरताना टाच टेकते पण चवडा हवेत राहतो, साडी सावरत उतरणाऱ्या बाईला विचारा. बारा इंच हवेत. पण बारा इंच दिले तर जिना प्रत्येक टप्प्यात दीड फुटाने लांबतो, आणि वीस बाय तीसच्या प्लॉटवर दीड फूट म्हणजे मोरी जाते.

इथपर्यंतची भांडणं आकड्यांची आहेत, ती मिटवता येतात. माझी खरी अडचण त्या आधीच्या गृहीतकाशी आहे. जिना म्हणजे दोन मजले जोडणारी वस्तू. हे गृहीतक कुठून आलं ते समजून घेण्यासारखं आहे. रेव्हिट ज्यांनी उभं केलं ते लिओनिड राइझ आणि अर्विन युंगराइस हे दोघे यंत्रांचे सुटे भाग रचण्याच्या सॉफ्टवेअरमधून आले होते. तिथे एक भाग बदलला की त्याच्याशी जोडलेले सगळे भाग आपोआप बदलतात. हीच युक्ती त्यांनी इमारतीला लावली, आणि ती जबरदस्त होती. मजला उचला, जिना स्वतःहून लांबतो. ऑटोडेस्कने २००२ साली ती कंपनी विकत घेतली. तुलनेला स्केचअप घ्या. त्याला जिना म्हणजे काय हे ठाऊकच नाही. एक ठोकळा काढा, तो सरकवत त्याची नक्कल करा, गुणिले सोळा असं टाइप करा, सोळा ठोकळे एकावर एक चढतात. तुम्ही बसायचा ओटा काढताय की घाट, त्याला घेणंदेणं नाही. म्हणून स्केचअपमध्ये काहीही काढता येतं आणि चुकलेलं काहीही खपून जातं. रेव्हिटला जिना ठाऊक आहे. प्रश्न इतकाच की कुठला जिना ठाऊक आहे. बाकीच्या सगळ्यांना यूट्यूबवरच्या शिकवण्यांत एकच नाव असतं : कस्टम जिना. कस्टम म्हणजे खास, वेगळा, नेहमीपेक्षा निराळा. आणि मी माझ्या जिल्ह्यात ज्या पायऱ्या पाहतो त्यांतल्या निम्म्याहून जास्त या खात्यात जातात.

तुळजापूरपासून सुरुवात करू. बहुतेक देव डोंगरावर बसतात आणि भक्त चढून जातात. तुळजाभवानीकडे उतरून जावं लागतं. मंदिर बालाघाटाच्या कुशीत खाली आहे. महाद्वारातून आत आलं की पायऱ्या खाली जायला लागतात, वाटेत कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, आणखी पायऱ्या, आणि मग देऊळ. रेव्हिटमध्ये जिन्याचा टप्पा मूळचा खालून वर निघतो, नकाशावरच्या बाणाला वर जाण्याची सवय असते. दिशा उलटी करता येते, ते मोठं नाही. पण या पायऱ्यांचा ‘मजला’ कुठे आहे? प्रत्येक टप्प्यावर काहीतरी घडतं. कोणी हातपाय धुतं, कोणी बसून राहतं, कोणी लोटांगण घालत येतं आणि त्याला पायरी पायरीएवढी नको असते, अंगाएवढी हवी असते. मधली जागाच इतकी भरलेली आहे की ती दोन टोकांमधलं अंतर म्हणून काढली तर रेघा बरोबर येतील आणि चित्र चुकेल.

कल्लोळ तीर्थासारख्या कुंडाच्या किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही बारवेच्या पायऱ्या तर सॉफ्टवेअरला आणखी कोड्यात टाकतात. त्यांची खालची लेव्हल म्हणजे पाणी, आणि पाणी एका जागी राहत नाही. भाद्रपदात ते चौथ्या पायरीवर असतं, वैशाखात चाळिसाव्या, आणि आमच्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यात कित्येकदा कुठेच नसतं. बांधणाऱ्याने प्रत्येक पायरी ‘इथे पाणी असू शकतं’ असं समजून घडवलेली असते. त्या जिन्याची प्रत्येक पायरी ही कुठल्या ना कुठल्या महिन्यातली शेवटची पायरी असते. बेस लेव्हलच्या रकान्यात इथे कुठला आकडा लिहायचा?

नळदुर्गला गेलात तर वेगळाच प्रश्न पडतो. बोरी नदीवर किल्ल्याला रणमंडळाशी जोडणारं धरण आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास बांधलेलं. पावसाळ्यात त्याच्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, ते पाहायला गर्दी होते, रील्स निघतात. पण धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे आणि तिथे जायचा जिना धरणाच्या भिंतीतूनच खाली उतरतो. माथ्यावर रणरणतं ऊन, आणि काही पायऱ्या उतरलं की गारवा, अंधार, दगडाचा ओला वास. १८५३ पासून काही वर्षं मेडोज टेलर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता.

हा जिना कोणी ‘बसवलेला’ नाही. भिंत बांधताना जी जागा भरली नाही ती म्हणजे हा जिना. आमच्या भागातल्या जुन्या वाड्यांत आणि गढ्यांत हीच रीत घरगुती झाली. दोन-तीन हात जाडीच्या भिंतीत एक अरुंद, उभट, अंधारा जिना असतो, माळवदावर निघतो, आणि चढणाऱ्याला दोन्ही खांदे भिंतीला घासत वर जावं लागतं. इथे जिना आणि भिंत यांना वेगळं करता येत नाही. रेव्हिटमध्ये मात्र भिंत हा एक प्रकार आणि जिना हा दुसरा. भिंतीतला जिना काढायचा तर आधी भरीव भिंत काढायची, मग तिच्यातून एक पोकळी कापायची, आणि त्या पोकळीत जिना ठेवून द्यायचा, किंवा सगळंच जागेवर मॉडेल करायचं, म्हणजे जिन्याच्या अवजाराला हातच न लावता. जमतं. वेळ जातो. आणि शेवटी यादी काढली की सॉफ्टवेअर सांगतं, या इमारतीत जिने शून्य.

जर्मनीत फ्रीडरिश मील्के नावाचे एक गृहस्थ होऊन गेले, त्यांनी आयुष्यभर जिने मोजले आणि त्या अभ्यासाला ‘स्कालालोगी’ असं स्वतंत्र शास्त्राचं नाव दिलं. २०१४ च्या व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात जिन्यांच्या दालनात त्यांचं काम मांडलं होतं. आपल्याकडे असा एखादा वेडा निघायला हवा होता असं वाटतं, कारण मोजून ठेवावेत असे आमचे भिंतीतले जिने एका पहाटे मोठ्या संख्येने संपले.

३० सप्टेंबर १९९३. केंद्र किल्लारीजवळ, लातूर जिल्ह्यात. हानी लातूरइतकीच आमच्या जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागात, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं मातीचं ओझं. उन्हाळ्यात जी भिंत थंड म्हणून प्रिय होती, तीच झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. त्यामुळे जुन्या भिंतींबद्दल आणि त्यांतल्या जिन्यांबद्दल मी हळवं होऊन लिहू शकत नाही. ती रीत सुंदर होती, आणि त्या रूपात ती परत येऊ नये.

त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, ओळीने घरं, बहुतेक एकमजली. घर टिकावं हाच तेव्हा पहिला प्रश्न होता आणि तो तसाच असायला हवा होता. पण एकमजली घराला जिना लागत नाही असं कागदावर दिसतं. माळवद हे मात्र घराचं छप्पर असण्याइतकंच ती घराची एक खोली होती, फक्त वर आभाळ असलेली. उन्हाळ्यात तिथे झोपायचं, कुरडया-सांडगे वाळवायचे, मिरच्या पसरायच्या, शेजारणीशी बोलायचं. ज्या घराच्या नकाशात जिना नाही त्या घरातून ही खोली गेली. पुढे लोकांनी आपापल्या ऐपतीने घरं वाढवली, आणि कुठे लोखंडी शिडी, कुठे बाहेरून ओतलेला जिना अशी ती खोली परत मिळवली. मजल्यांची संख्या एक असली की टॉप लेव्हल नसते, आणि टॉप लेव्हल नसली की जिना मागायचं कोणाला सुचत नाही. हे सॉफ्टवेअरचं पाप नव्हे, ते तेव्हा जन्मलंही नव्हतं. विचाराची ही पद्धत जुनी आहे. सॉफ्टवेअरने तिला रकाना दिला.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट, जी प्रत्येक थ्रीडीत लपलेली असते. काँक्रीटच्या घरात जिन्याचा तिरका स्लॅब हा नुसता चढायचा रस्ता नसतो. दोन मजल्यांमध्ये तिरपा दांडा ठोकावा तसा तो हादऱ्याच्या वेळी वागतो, सगळा जोर स्वतःकडे ओढतो. मधल्या वळणाच्या तुळईने खांब अर्ध्यात धरला तर तो खांब आखूड होतो आणि आखूड खांब आधी फुटतो. आयएस ४३२६ या आपल्या मानकात यावर उपाय दिलेत : जिना इमारतीपासून वेगळा ठेवा, किंवा त्याला एका टोकाला सरकायची मोकळीक द्या, किंवा चहूबाजूंनी भिंतीत घट्ट बांधा. १९९३ पर्यंत किल्लारीचा परिसर भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात गेला. माझ्या पडद्यावर मात्र जिना स्लॅबला अलगद टेकलेला दिसतो, जणू उद्या उचलून दुसरीकडे ठेवता येईल. दिसायला तो देखणा असतो. तो काय ओढून घेणार आहे हे त्या चित्रात कुठेच नाही, ते आरसीसीचं डिझाइन करणाऱ्याने वेगळं पाहायचं, आणि गावातल्या दोन मजली घराला असा कोणी नेमलेलाच नसतो.

आता रोजच्या कामाकडे येतो. जो जिना मी सगळ्यात जास्त काढतो तो बाहेरचा. घराच्या बाजूने, भिंतीला लागून, तीन फुटांच्या बोळातून सरळ वर जाणारा. गुंठेवारीच्या प्लॉटवर, नव्या वस्त्यांत, कुठेही पाहा, दर दुसऱ्या घराला तो आहे. वास्तुरचना शिकून आलेल्या मुलांना तो कुरूप वाटतो. गिऱ्हाइकांतल्या तरुण मुलांनाही नको असतो. ते मोबाईल पुढे करतात, ‘तीस बाय चाळीस डुप्लेक्स’ची रील दाखवतात : हॉलमध्ये वर छपरापर्यंत मोकळी जागा, तिच्यात काचेच्या कठड्याचा तरंगता जिना, खाली पांढरे दगड आणि एक झाड. मीही तसा काढून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. मग कोपऱ्यात बसलेली आई विचारते, “आन् उद्या वरचं किरायानं द्यायचं म्हणलं तर? त्यो माणूस आमच्या बैठकीतून जायचा का?”

बैठकीत थोडा वेळ कोणी बोलत नाही. कारण त्या एका प्रश्नात सगळं आलेलं असतं. वडील निवृत्त झाल्यावर वरच्या दोन खोल्यांचा किराया हेच पेन्शन आहे. दोन भाऊ आहेत, आज एका चुलीवर आहेत, उद्या नसतील, आणि जिना बाहेर असेल तर वाटणीच्या दिवशी भिंत फोडावी लागत नाही. थोरल्याच्या घरात न डोकावता धाकटा आपल्या घरी जाऊ शकतो. विधवा होऊन माहेरी आलेल्या बहिणीला वरची खोली देता येते, तिचं येणं-जाणं कोणाच्या हॉलमधून होत नाही. नगरपालिकेच्या उताऱ्यावर लिहायच्या आधी घराची वाटणी या जिन्यात लिहिलेली असते.

सॉफ्टवेअर म्हणतं, जिना जोडतो. आमच्याकडचा हा जिना वेगळं करतो, आणि वेगळं करतो म्हणून माणसं एका छपराखाली टिकतात. हे काढता येत नाही असं मी म्हणत नाही. बाहेरचा जिना काढणं आतल्या जिन्याहून सोपं आहे. पण साधनाच्या मनात घर एक आहे, आणि जिना हा त्या एका घराचा अवयव. तयार नमुने, शिकवण्यांतली उदाहरणं, रेंडरचा कॅमेरा ठेवायची जागा, सगळं त्या एका घराभोवती फिरतं. आत ठेवलेला जिना रेंडरमध्ये दिसतो. बाहेरचा जिना कॅमेऱ्याच्या मागे राहतो. मग बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेत तो बसत नाही म्हणून मंजुरीच्या नकाशात एक जिना आणि प्रत्यक्षात दुसरा, ही आमच्यासारख्या गावांत काही नवलाची गोष्ट उरलेली नाही. जो जिना घराला सगळ्यात जास्त गरजेचा, तोच कुठल्याच चांगल्या कागदावर नाही. म्हणून त्याच्यावर कोणी विचारही करत नाही. तो उरलेल्या जागेत, उरलेल्या पैशांत, आठ इंचांच्या पायऱ्यांनी, बिनकठड्याचा उभा राहतो. रेव्हिट न मागता दोन्ही बाजूंना रेलिंग देतं. इथे रेलिंग येतं ते चार-पाच वर्षांनी, बहुधा घरात लहान मूल रांगायला लागल्यावर.

त्याच्या खालच्या तिरक्या जागेबद्दलही कोणी नकाशात काही लिहीत नाही. तिथे बोअरचा स्टार्टर असतो, पाण्याची मोटर, चपला, सायकल, पावसाळ्यात सरपण, कित्येक घरांत संडास. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हौदही तिथेच. संध्याकाळी खालच्या तीन पायऱ्यांवर बायका बसतात, तांदूळ निवडतात, चौथीवर पोरगी पुस्तक घेऊन. बसायला सहा इंच ठेंगणे आणि आठ इंच बरे, हेही कुठल्या सूत्रात नाही.

म्हणून मला असं वाटतं की कस्टम जिना कसा काढावा याच्या शिकवण्यांत नागमोडी, गोल, तरंगता अशा आकारांवर जेवढा वेळ जातो, त्याच्या दहावा भाग जरी ‘हा जिना कोणासाठी, तो कोणाच्या दारावरून जातो, पुढच्या दहा वर्षांत वर काय होणार’ यावर गेला तर पुष्कळ होईल. आकार अवघड नसतो. गोल जिना मी दहा मिनिटांत काढतो आणि आमच्या गावात तो वर्षाकाठी एखादाच बांधला जातो. बाहेरच्या जिन्याला मात्र पुढच्या वेळी मी वीस पायऱ्या देणार आहे, सोळा नाही, आणि रुंदी अकरा इंच, बोळ थोडा पुढे गेला तरी चालेल. वळणाच्या जागी खांबाला तुळई न लावता तो टप्पा वेगळ्या भिंतीवर घेता येईल का हे इंजिनिअरला विचारायचंय. कॅमेरा त्या बाजूला ठेवून एक रेंडर करायचंय, गिऱ्हाइकाने मागितलं नसलं तरी.

आणि हो, रेव्हिटमध्ये टॉप लेव्हलच्या यादीत एक पर्याय असतो, ‘काही नाही’ असा. तो निवडला की वरचा मजला नसतानाही जिना काढता येतो, फक्त किती उंच हवा तो आकडा आपण स्वतः लिहायचा. गच्चीवर खांबांच्या सळया वाकवून, त्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घालून ठेवलेल्या असतात ना, धाकट्याच्या लग्नाआधी वर दोन खोल्या काढायच्या म्हणून, त्या घरांसाठी मी तोच पर्याय वापरतो. आकडा ३,०४८.